योहान पालिसा : दर्शन, वेध आणि शोध

लघुग्रह दुर्बिणीतूनही बहुधा ताऱ्यांसारखे बिंदुरूपच दिसतात. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर होणारे त्यांचे स्थानांतर हीच त्यांची ओळख होय. केवळ डोळ्यांनी वेध घेऊन ही ओळख पटविणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रियन खगोलशास्त्रज्ञ योहान पालिसा (१८४८–१९२५) यांचे स्थान अग्रगण्य आहे.

पोला येथील नौदल वेधशाळेत १८७४ मध्ये त्यांनी ‘ऑस्ट्रिया’ हा आपला पहिला लघुग्रह शोधला. १८८० मध्ये तेथील संचालकपद सोडून ते व्हिएन्ना वेधशाळेत कनिष्ठ पदावर रुजू झाले. तेथे त्यांना २७ इंची दुर्बीण लाभली. त्यांच्या नावावर एकूण १२२ लघुग्रहांची नोंद आहे.

१८९१ मध्ये जर्मनीतील माक्स वोल्फ यांनी या कार्यात छायाचित्रणाचा अवलंब केला. दुर्बीण ताऱ्यांचा मागोवा घेत असताना काचपट्टीवर तारे बिंदुरूप, तर लघुग्रह लहानशा रेषेच्या रूपात उमटत. पालिसा यांनी या पद्धतीशी वैर धरले नाही. वोल्फ यांच्या सहकार्याने त्यांनी तारानकाशे सिद्ध केले.

तथापि दर्शन म्हणजे पूर्ण शोध नव्हे. पालिसा यांना १९११ मध्ये दिसलेल्या ‘अल्बर्ट’ या लघुग्रहाचे वेध अपुरे ठरले. कक्षा निश्चित न झाल्याने तो हरवला आणि २००० मध्ये पुन्हा सापडला. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्या अशा पिंडांच्या बाबतीत कक्षानिश्चिती हाच भावी धोक्याच्या अनुमानाचा आधार असतो. म्हणूनच पहिल्या दर्शनाइतकेच त्यानंतरचे चिकाटीचे वेधही मोलाचे ठरतात.