बोटीची सहल : विमानाचे तिकीट कोणी काढावे?

सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीच्या सहलीला हल्ली खेड्यातली मंडळीही जातात. मुंबई-सिंगापूर विमानाचे तिकीट स्वतः काढावे, की बोटकंपनीकडून घ्यावे?

स्वतः काढल्यास दिवस, वेळ व दर पारखून घेता येतात. मात्र विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही, आणि भरलेले पैसे सहसा बुडतात. कंपनीमार्फत घेतल्यास पुढच्या बंदरावर पोहोचविण्याची व्यवस्था बहुधा तीच करते. तरी अटी आधी वाचाव्यात.

स्वतः तिकीट काढणाऱ्यांनी एक दिवस आधी पोहोचावे. एका मुक्कामाचा खर्च बुडालेल्या सहलीपेक्षा परवडतो. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, हेही ध्यानात ठेवावे. परतीचे विमान बोट बंदराला लागते त्या दिवशी सकाळचे घेऊ नये. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी.