परवाना माणसाचा की यंत्राचा?

घिवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात होडी जुनी होऊन मोडीत निघाली, तरी तिचे चांगले इंजिन उतरवून दुसऱ्या होडीवर चढवता येते. ज्याने पैसे मोजले त्याचे ते इंजिन. होडीबरोबर त्यानेही संपावे असे कोणी म्हणत नाही. समजा, याच गावातील एका शिक्षकाचा जुना संगणक बंद पडला आणि त्याने बोईसरच्या बाजारातून नवा लॅपटॉप आणला. खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्याने विंडोज नसलेला लॅपटॉप निवडला. जुन्या संगणकाबरोबर विंडोजची किंमत आपण दिलेलीच आहे, तेव्हा तोच परवाना येथे चालवावा, असा त्याचा हिशेब. हिशेब सरळ आहे. परंतु बहुधा तो चुकतो.

तो चुकण्याचे कारण असे की, परवाना एकाच जातीचा नसतो. संगणकाबरोबर कारखान्यातूनच आलेला परवाना त्या यंत्राशी जखडलेला असतो. यंत्र दुसऱ्यास विकले तर परवाना त्याच्याबरोबर जातो. पण यंत्रावाचून तो हलत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तर त्याची किल्ली बहुधा यंत्राच्या मुख्य फलकातच कोरलेली असते. दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना मात्र ग्राहकाला आपल्या नव्या यंत्रावर नेता येतो. अट एवढीच की, जुन्या यंत्रावरून तो काढून टाकला पाहिजे. तिसरा प्रकार कचेऱ्या आणि महाविद्यालये घेतात त्या घाऊक परवान्याचा. तो संस्थेचा असतो; कारकुनाने वा विद्यार्थ्याने तो घरच्या यंत्रावर नेऊ नये. आपला परवाना कोणत्या जातीचा, हे जुना संगणक चालू असतानाच जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे.

वरवर हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो तसा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि अनेक जुन्या, पण धडधाकट संगणकांत ती नाही. म्हणजे प्रणालीपायी यंत्र मोडीत काढायचे आणि यंत्र मोडीत निघाले म्हणून परवानाही गमवायचा, अशा दुहेरी नुकसानीत सामान्य ग्राहक सापडला आहे.

यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले आहे: यंत्राशी बांधलेला परवाना स्वस्त असतो, तो त्या बंधनामुळेच. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु स्वस्ताईच्या बदल्यात आपण काय सोडून दिले, हे ग्राहकाला कळायला नको काय? परवान्याच्या अटी लांबलचक इंग्रजीत पडद्यावर येतात, त्याही पैसे दिल्यानंतर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. त्या हक्काचा आशय लक्षात घेता ‘हा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येणार नाही’ हे एक वाक्य मराठीत पावतीवर छापणे, ही काही अवास्तव मागणी नव्हे.

युरोपने याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. कायमच्या वापरासाठी किंमत घेऊन एकदा विकलेल्या आज्ञावलीच्या पुनर्विक्रीस मूळ कंपनी हरकत घेऊ शकत नाही, मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी दिला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये, कराच्या वादात का होईना, आज्ञावलीची प्रत विकत घेणे आणि तिचा स्वामित्वहक्क घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे स्पष्ट केले. प्रत ग्राहकाची असेल, तर एका वेळी एकाच यंत्रावर ती वापरण्याची मुभा त्याला का नसावी, हा विचार आपल्या विधिमंडळांनी व संसदेने केला पाहिजे.

तोवर काय करावे? चोरीची प्रत हा मार्ग नव्हे. बेकायदा आज्ञावली जाणूनबुजून वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्यास कैदेचीही शिक्षा आहे. शिवाय शिक्षकाच्या टेबलावरची चोरी विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. नवा लॅपटॉप घेताना परवाना कोणत्या जातीचा, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे. ते परवडत नसेल तर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली आहे. केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने तिच्याच पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली उभारली असून तीत मराठीतही काम करता येते. पत्रे, गुणपत्रके आणि पाठाच्या टिपणांसाठी ती पुरेशी आहे, आणि ती कितीही यंत्रांवर नेली तरी कोणी जाब विचारत नाही.

घिवलीचा शिक्षक फुकट काही मागत नाही. एकदा मोजलेल्या पैशांत आपण नेमके काय घेतले, एवढेच त्याला विकत घेण्यापूर्वी कळले पाहिजे.