62 महिन्यांचे कुलूप

शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलुपे नसतात हे महाराष्ट्राला सांगायला नको. सांगण्याजोगी आहे ती तिथल्या बँकेची गोष्ट. 2011 मध्ये युको बँकेने गावात शाखा काढली, तेव्हा रिवाज राखायचा आणि तिजोरीही राखायची, असा दुहेरी पेच होता. तोड निघाली ती अशी : दर्शनी दार काचेचे, आरपार दिसणारे, त्यावर कडी-कुलूप काही नाही, मात्र सहज डोळ्यांत न भरणारे, दुरून चालवता येणारे विद्युतचुंबकी कुलूप बसवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. बाहेर विश्वास आणि आत बंदोबस्त. इटलीच्या वाइनच्या बाटलीवर 'रिझर्वा' छापलेले असते तेव्हा त्या एका शब्दामागे असाच बंदोबस्त असतो. आपल्याकडच्या बाटलीवर 'रिझर्व्ह' असते, तिथे काचेचे दार तेवढे असते.

देवस्थानाचे नाव घेऊन वाइनकडे वळणे कुणाला खटकेल. पण अहिल्यानगर जिल्ह्याचा आणि वाइनचा संबंध तसाही साधा नाही. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि पुढे तो निर्णय बासनात गेला. त्या दिवसांत वाइन ही दारू की शेतमाल यावर चॅनेलांवर रात्री जागवल्या गेल्या. बाटलीवर काय लिहिलेले असते आणि ते खरे कशावरून, हा प्रश्न मात्र कुणी विचारल्याचे आठवत नाही.

बारोलोपासून सुरुवात करू. वायव्य इटलीतल्या पिएमोंतेमध्ये, लांगेच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या नेब्बियोलो द्राक्षाची ही वाइन. नियम असा की द्राक्षे ज्या वर्षी तोडली त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून महिने मोजायचे. 38 महिने भरल्याशिवाय बाटली बाजारात आणायची नाही आणि त्यातले किमान 18 महिने वाइन लाकडी पिंपात असली पाहिजे. 'रिझर्वा' म्हणवून घ्यायचे असेल तर 62 महिने. म्हणजे 2019 च्या तोडीची साधी बारोलो 1 जानेवारी 2023 ला सुटी झाली. तिची रिझर्वा 1 जानेवारी 2025 ला. शेजारच्या बारबारेस्कोचे द्राक्ष तेच, पण तिथे 26 महिने पुरतात, लाकडात 9, आणि रिझर्वाला 50. दक्षिणेकडे टस्कनीत ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो सांजोवेझे या एकाच द्राक्षाची करतात. ती तोडीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीला विक्रीला येते आणि रिझर्वा सहाव्या वर्षाच्या. दोघींनाही लाकडात दोन वर्षे सक्तीची. बाटलीत भरल्यावर साधीला आणखी 4 महिने थांबावे लागते, रिझर्वाला 6.

एवढी वाट कशासाठी? नेब्बियोलो तरुणपणी पिऊन पाहिली की उत्तर जिभेवरच मिळते. साल आणि बियांतून उतरलेले टॅनिन हिरड्या आवळून टाकते. लाकडाच्या छिद्रांतून झिरपणाऱ्या प्राणवायूने टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जातात, लांबतात आणि तुरटपणाची धार बोथट होते. गडद लाल रंग विटकरीकडे झुकतो, ताज्या फळाचा वास मागे पडून सुकवलेले फळ, चामडे, तंबाखू असे वास पुढे येतात. पण हे सगळे पेलायला मुळात वाइनमध्ये आम्लता आणि टॅनिन भरपूर लागते. पातळ वाइन पाच वर्षे ठेवली तर पाच वर्षे जुनी पातळ वाइन मिळते.

आता कुलूप कसे चालते ते पाहू. इटलीतला मूळ कायदा 1963 चा. त्याने डीओसी ही वर्गवारी आणली आणि तिच्यावरच्या डीओसीजी या पायरीची तरतूद केली. ती पायरी प्रत्यक्षात 1980 मध्ये ब्रुनेल्लो, बारोलो, बारबारेस्को वगैरेंना मिळाली. प्रत्येक नावाची स्वतंत्र नियमावली आहे : कोणते द्राक्ष, कोणत्या गावांच्या हद्दीत, हेक्टरी किती, किती महिने. ब्रुनेल्लोला हेक्टरी 8 टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टनांच्या आसपास. खाण्याच्या द्राक्षांचा आपला बागायतदार हा आकडा ऐकून हसेल. वायनरीला किती द्राक्ष आले, किती वाइन झाली, कोणत्या पिंपात किती लिटर आहे याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. बाटलीत भरण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी होते आणि चव घेणारी समिती बसते. मग बाटलीच्या मानेवर सरकारी छापखान्याची क्रमांक असलेली पट्टी चढते. खरी मेख या पट्टीत आहे. मंजूर लिटरांच्या हिशेबानेच पट्ट्या मिळत असल्यामुळे जास्तीची बाटली भरायची म्हटले तर तिच्या मानेला लावायला पट्टीच नसते.

लेबलवरच्या सगळ्याच भारदस्त शब्दांचा वयाशी संबंध नसतो आणि गिऱ्हाईक फसते ते इथे. 'क्लासिको' म्हणजे त्या वाइनचा जुना, मूळ मुलूख. मुरण्याशी त्याचे देणेघेणे नाही. 'सुपेरियोरे' बहुधा थोडे जास्त अल्कोहोल सांगते. वाल्पोलिचेल्लासारख्या ठिकाणी त्यासोबत वर्षभराची अटही येते. कियान्ती क्लासिकोत साधी 12 महिन्यांची, रिझर्वा 24 ची, आणि 2014 पासून बाजारात आलेली 'ग्रान सेलेत्सिओने' 30 महिन्यांची, तीही स्वतःच्याच मळ्यातल्या द्राक्षांची. सिसिलीतली मार्साला तर वयाची उतरंडच आहे : 'फिने' एक वर्ष, 'सुपेरियोरे' दोन, 'सुपेरियोरे रिझर्वा' चार, 'वेर्जिने' पाच आणि 'स्त्रावेक्कियो' दहा. स्पेनमध्येही अशी बांधलेली उतरंड आहे. फ्रान्समध्ये मात्र 'रेझेर्व्ह' लिहायला कुणाची आडकाठी नाही, म्हणून त्या शब्दाला तिथे कुणी विचारतही नाही.

मला या सगळ्या भानगडीत सर्वांत रस आहे तो पैशात. वाट पाहायची म्हणजे कुणाचे तरी भांडवल अडकते. 100 रुपये दहा टक्के चक्रवाढ व्याजाने 62 महिने अडकवले तर ते 163-164 रुपये होतात. पिंप, तळघर, मजुरी, उडून जाणारी वाइन हे वेगळेच. अहिल्यानगर जिल्ह्यात हे पटकन कळेल, कारण उसाचे पैसे गाळपाला घातल्यापासून 14 दिवसांत द्यावेत असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो आणि 14 चे 40 झाले की कारखान्यावर मोर्चा निघतो. 62 महिने कोण थांबणार?

मोंताल्चिनोकरांनी पळवाट काढली ती शहाणपणाची. त्याच मळ्यांतल्या सांजोवेझेची 'रोस्सो दि मोंताल्चिनो' ही दुसरी वाइन, तोडीनंतरच्या वर्षी 1 सप्टेंबरपासून विकता येणारी. रोस्सो घर चालवते आणि ब्रुनेल्लो तळघरात मुरत बसते. पण रोस्सोसुद्धा ज्याच्याकडे तळघर आहे त्यालाच. दोन-तीन एकरवाल्याने काय करायचे?

त्याचे उत्तर बारबारेस्को गावात आहे आणि ते नगरकरांना ओळखीचे वाटेल. आल्बाच्या वाइनविद्यालयाचे प्रमुख दोमित्सिओ कावात्सा यांनी 1894 मध्ये तिथे द्राक्ष उत्पादकांची सहकारी वायनरी काढली. फॅसिस्ट राजवटीच्या काळात ती बंद पडली. पुढे 1958 मध्ये गावचे पाद्री फिओरिनो मारेंगो यांनी 19 छोट्या शेतकऱ्यांना एकत्र आणले. पहिल्या तीन वर्षांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. ही संस्था म्हणजे 'प्रोदुत्तोरी देल बारबारेस्को'. सभासदाने आपले सगळे नेब्बियोलो संस्थेलाच घालायचे, बाहेर विकायचे नाही. लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तो 1950 चा. दोन्ही ठिकाणी रोग एकच होता, व्यापारी सांगेल त्या भावाने माल टाकून यायचे. फरक पुढे पडला. साखरेला वय नसते. बारबारेस्कोच्या संस्थेने थांबण्याचा बोजा सगळ्यांच्या खांद्यांवर वाटून घेतला आणि चांगल्या वर्षी नऊ वेगवेगळ्या मळ्यांच्या नऊ रिझर्वा काढल्या : आझिली, राबाया, ओवेल्लो, मोंतेस्तेफानो, पोरा आणि आणखी चार. प्रत्येक बाटलीवर मळ्याचे नाव. एकटा दोन एकरवाला स्वतःच्या मळ्याच्या नावाने 50 महिने मुरलेली वाइन जन्मात विकू शकला नसता.

आणि वर्ष यथातथा असेल तर? तेव्हा या नऊ मळ्यांचे द्राक्ष साध्या बारबारेस्कोत मिसळून टाकतात. त्या वर्षीची साधी बाटली उलट चढी निघते. कायदा 50 महिने सांगतो, पण कोणत्या वर्षी सांगू नये हे त्याला कळत नाही. ते माणसाने ठरवायचे.

कायद्याला न कळणारे आणखीही बरेच आहे. ब्रुनेल्लोला सुरुवातीला लाकडात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त काळ सक्तीचा होता. कमकुवत वर्षांची वाइन पिंपातच सुकून जायला लागली, तेव्हा तो टप्प्याटप्प्याने दोन वर्षांवर आणला. टस्कनीतल्या काही जणांनी तर नियमांनाच रामराम ठोकला. सास्सिकाया 1968 च्या तोडीपासून आणि तिन्यानेल्लो 1971 च्या तोडीपासून आली, ती कायद्याच्या लेखी सर्वांत खालच्या 'जेवणाच्या मेजावरची वाइन' या वर्गातली; भाव मात्र भल्या भल्या रिझर्वांना मागे टाकणारा. आणि कुलूप असले म्हणून चोरी होतच नाही असेही नाही. 1986 मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने इटलीत वीसहून अधिक माणसे मेली. 2008 मध्ये ब्रुनेल्लोत सांजोवेझेखेरीज दुसरे द्राक्ष घुसवल्याच्या संशयावरून चौकशी झाली आणि बाटल्या अडकवल्या गेल्या. त्याच वर्षी मोंताल्चिनोच्या उत्पादकांनी मतदान करून शंभर टक्के सांजोवेझेचा नियम कायम ठेवला.

आता महाराष्ट्र. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला हीच सांजोवेझे लावलेली आहे. 'फ्रातेल्ली' ही वायनरी अकलूजचे मोहिते पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन भावंडजोड्यांनी उभी केली. वाइन घडवायला टस्कनीहून पिएरो मासी आले. त्यांची 'सेत्ते' ही सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची, फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरवलेली वाइन. निफाडजवळच्या कुंदेवाडीत 'रेव्हेइलो'ने सिसिलीची नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो ही द्राक्षे आणली, शिवाय त्यांच्या रिझर्व्ह वाइनही आहेत. सुलाच्या एका शिराझवर तर 'दिंडोरी रिझर्व्ह' असे आपल्याकडच्याच एका तालुक्याचे नाव आहे. या वाइन वाईट आहेत असे म्हणायचे नाही. उलट यांतल्या काही मी पाहुण्यांपुढे अभिमानाने ठेवतो. मुद्दा एवढाच की आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांचे 2018 चे नियम 1 एप्रिल 2019 पासून लागू असले, तरी 'रिझर्व्ह' म्हणजे अमुक महिने असा आकडा त्यांनी बांधून दिलेला नाही. एक वायनरी वर्षभर लाकडात ठेवून तो शब्द लिहील, दुसरी तळघरातल्या बऱ्या पिंपाला तो लावेल. दोघीही कायद्यात बसतात.

मग इटलीचे 62 महिने उचलून इथे लावायचे का? मुळीच नाही. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस ओसरता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोड. इटलीत नेब्बियोलो ऑक्टोबरच्या धुक्यात, उतरत्या तापमानात पिकते; आपले द्राक्ष चढत्या उन्हात पिकते. साखर भराभर भरते, आम्लता भराभर उतरते, म्हणून तोड पहाटे उरकावी लागते. लांब पल्ल्याला लागणारी आम्लताच जिथे हातातून निसटते, तिथे पाच वर्षांची सक्ती म्हणजे चांगल्या वाइनचे हाल. शिवाय तळघर थंड ठेवायचे ते विजेवर. 2001 च्या राज्य धोरणाने उत्पादनशुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले, वायनऱ्या भराभर निघाल्या. 2008-09 च्या मंदीनंतर त्यांतल्या अनेक थंडावल्या आणि शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षे उपटून पुन्हा खाण्याची लावली. अशा धंद्यावर आणखी पाच वर्षांचे व्याज लादणारा कायदा कागदावरच राहील.

याहून स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे आकडा छापणे. तोडीचे वर्ष, लाकडात किती महिने, बाटलीत किती. मागच्या लेबलवर एक ओळ लागते, तपासायला वायनरीतल्या नोंदवह्या पुरतात. काही वायनऱ्या हे आपणहून लिहितातही. ज्या लिहीत नाहीत त्यांना विचारावे. विचारणारे वाढले की छापणारे वाढतात.

तोवर दुकानात गेलात तर पुढच्या बाजूच्या सोनेरी अक्षरांकडे न पाहता आधी वर्ष पाहा. इटलीची बाटली असेल तर मानेवरची पट्टी शाबूत आहे का ते पाहा, कारण वर्षानुवर्षे 150 टक्के आयात शुल्क बसत आलेल्या मालात हात मारण्याचा मोह मोठा असतो. आणि बाटली कुठे ठेवली होती तेही बघा. एप्रिलच्या नगरात किंवा सोलापुरात वातानुकूलन नसलेल्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेमागे उभी करून ठेवलेली बारोलो रिझर्वा एका उन्हाळ्यात उकडते, बूच वर सरकते, कडेने वाइन पाझरल्याचा डाग दिसतो. तो डाग दिसला तर पट्टी, क्रमांक, 62 महिने सगळे खरे असूनही बाटली परत फळीवर ठेवावी आणि शीतकपाटातली अकलूजची मागावी.