जुन्या जीपचा मागचा आवाज : आधी ओळखा, मग खोला



ज्यांच्या दारात जुनी जीप, ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी उभी आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. ॲम्बॅसडर १९५८ पासून बंगालमधल्या उत्तरपाड्याला तयार होत असे, ती २०१४ साली बंद झाली. गाड्या जुन्या झाल्या, तरी काम देतात. पण श्रीगोंद्याला लिंबाच्या गोण्या नेताना किंवा काष्टीच्या बाजाराला निघताना मागून घूंऽऽ, खडखड, ठक् असा आवाज येऊ लागला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. कोणी तरी म्हणतो, "डिफरन्शियल गेला." गाडी खोलली जाते, पैसे जातात, आणि आवाज तसाच राहतो.

बैल लंगडला तर आपण आधी खुरात काटा आहे का ते बघतो, लगेच पाय तोडायला निघत नाही. गाडीचंही तसंच आहे.

मागे असतं काय?

या तिन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना असतो. गिअरबॉक्सपासून मागे एक लांब शाफ्ट जातो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. शाफ्ट डिफरन्शियलमधले पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊन फिरवते आणि तिथून दोन ॲक्सल दोन चाकांना जोर देतात. हे सारं पाट्यांवर टांगलेलं असतं. यातलं काहीही सैल झालं, झिजलं किंवा वाकलं, तरी आवाज मागूनच येतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट चार-पाच वेळा फिरतो. म्हणून चाकाचा दोष असेल तर गाडी संथ, झोके दिल्यासारखी हलते. शाफ्टचा दोष असेल तर बारीक, जलद थरथर पायाखालच्या पत्र्याला जाणवते.

आवाज कधी येतो?

गॅरेजला जाण्यापूर्वी दोन दिवस एवढं बघा आणि कागदावर लिहा :

१. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन वाढवलं तरी तोच आवाज येतो का? येत असेल तर दोष पुढे आहे, मागे शोधू नका.

२. डांबरी सोडून मुरमाच्या रस्त्याला लागल्यावर आवाज बदलतो का? बदलला तर टायरवर संशय घ्या.

३. ॲक्सिलेटर दाबला की वाढतो आणि सोडला की बदलतो का? मग क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचं बेअरिंग बघावं लागेल.

४. जोर असो वा नसो, वेगाबरोबर घरघर वाढतच जाते का? मग चाकाचं बेअरिंग. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर आधी डावं चाक तपासा. डावीकडे वळताना वाढली तर उजवं. आवाज फक्त वळतानाच येत असेल, तर डिफरन्शियलमधले लहान गिअर झिजलेले असू शकतात.

५. गाडी उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच "ठक्" होतो का? मग क्रॉस, हबचा नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट बघा.

ही पारख सरळ, मोकळ्या रस्त्यावर करा. शेजारी दुसरा माणूस ऐकायला बसवा. चालत्या गाडीची चावी बंद करू नका.

गाडीखाली जाण्यापूर्वी

बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. एक मागचं चाक जॅकवर उचललं की ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक गाडी धरून ठेवत नाही. शाफ्ट उतरवला तर हँडब्रेक असून नसल्यासारखा. म्हणून सपाट, टणक जागा बघा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावा. ॲक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, विटा रचून तर मुळीच नको.

स्वस्तापासून महागाकडे

*चिखल :* आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून दगडासारखी होते. एका बाजूला वजन वाढतं आणि गाडी हलू लागते. शाफ्टलाही चिखल किंवा उसाचं पाचट गुंडाळलेलं असतं. आधी धुऊन काढा. कितीतरी थरथर बादलीभर पाण्यात जाते.

*टायर आणि नट :* टायरला फुगवटा आहे का बघा. चाकाचे नट समोरासमोरचे एक-एक करून आवळा. संशय असेल तर पुढचे-मागचे टायर बदलून बघा. आवाज जागा बदलत असेल तर दोष सापडला. आणि शेतातून बाहेर आल्यावर फोर-व्हीलचा दांडा काढलात ना? कोरड्या डांबरीवर तो तसाच राहिला तर चाकं एकमेकांना ओढतात आणि सगळा सांगाडा कुरकुरतो.

*पाटे :* तुटलेला पाटा, सैल यू-बोल्ट, झिजलेले बुश बघा. मधला बोल्ट तुटला तर ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. गोण्यांची जास्त भर घातल्यावर हे हमखास तपासा.

*क्रॉस :* इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. शाफ्ट हाताने धरून वर-खाली आणि मागे-पुढे हलवा. क्रॉसमध्येच खेळ दिसला, किंवा कपाभोवती लाल गंजाची पूड दिसली, तर क्रॉस बदला. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रंगाची खूण करा. सरकत्या जोडावर बाण असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत. एक दाता चुकला तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरेल. निपल असेल तिथे वेळेवर ग्रीस द्या.

*हबचा नट :* जुन्या जीपच्या मागच्या ॲक्सलचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब चावी आणि मोठ्या नटाने घट्ट बसतो. नट सैल झाला की चावी खाल्ली जाते आणि "ठक्" सुरू होतो. नट आवळताना स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे घेऊ नका, थोडा पुढेच आवळा.

*बेअरिंग :* चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग हाताने फिरवा. खेळ किंवा खरखर आहे का? ड्रममध्ये तेल उतरलं असेल तर सील गेलं. तेलकट लायनर ब्रेक धरत नाहीत, हे विसरू नका.

*डिफरन्शियल :* सर्वात शेवटी. गाडी सपाटीवर आणि थंड असताना बाजूचा प्लग काढा. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलंच गिअर ऑइल भरा आणि गळती शोधा. तेलात बारीक करडी पूड चालते, पण लोखंडाचे कण किंवा दात निघाले तर गाडी चालवू नका. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे असतात आणि शिम लावून त्यांची बैठक साधावी लागते. ते जाणत्या मिस्त्रीचं काम आहे. जुनी गाडी विकत घेताना मात्र हे तेल जरूर बघा. आवाज दबावा म्हणून घट्ट वंगण किंवा भुसा भरण्याची युक्ती जुनीच आहे.

इथे मात्र थांबाच

क्रॉस निखळायला आला असेल, हबचा नट सैल असेल, चाक डगमगत असेल, तर "बाजार करून येऊ, मग बघू" म्हणू नका. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते. ॲक्सल तुटला तर चाक निघून जातं. मागे बायकापोरं बसलेली असतात.

थोडक्यात

संथ झोके — टायर, रिम, चिखल. बारीक थरथर — शाफ्ट, क्रॉस. सुरुवातीचा ठक् — क्रॉस, हबचा नट, यू-बोल्ट. सतत घरघर — चाकाचं बेअरिंग. जोरानुसार बदलणारी घूं — क्राऊन-पिनियन.

गॅरेजमध्ये गेल्यावर "मागून आवाज येतो" एवढंच सांगू नका. कधी येतो, कधी थांबतो, ते लिहिलेला कागद मिस्त्रीच्या हाती द्या. बिघाड लवकर सापडेल आणि नको ते खोलण्याचा खर्च वाचेल.