पावसाळ्यातली बेटं

जून लागला की गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा थांबतात, जंजिऱ्याच्या होड्याही बंद होतात. मग पावसाळ्यात बेटं पाहायची कुठं? मी गोव्यातल्या मांडवी नदीकडे बोट दाखवतो.

नैर्ऋत्येच्या वाऱ्यानं उसळलेल्या लाटा आग्वादजवळ, नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर फुटतात. आत नदीत तेवढं उधाण शिरत नाही. म्हणून तिथली सपाट तळाची फेरीबोट पावसातही चालते.

रायबंदरहून आधी चोडण बेट गाठावं. खारफुटीतलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तिथंच आहे. परत रायबंदरला येऊन दिवाडीची फेरी धरावी. पावसाच्या लोंढ्यानं या दिवसांत नदीचं खारं पाणी जवळजवळ गोडं होतं. बांध घातलेल्या खाजणात क्षार सोसणारं कोरगुट भात वाढतं. बांधातल्या मानशीची दारं भरतीच्या रेट्यानं मिटतात, ओहोटीला उघडतात.

दिवाडीच्या पलीकडे आणखी एक फेरी नार्व्याला नेते. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. देव नदीपार गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला.

एवढं ध्यानात असू द्या. ऑफ सीझन हा शब्द आपल्यासारख्या पाहुण्यांचा. दिवाडीला रस्त्याचा पूल नाही. कॉलेज, बाजार, मोठं इस्पितळ, सगळं फेरीपलीकडे. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्या, आणि गर्दी असेल तर आधी गावकऱ्याला चढू द्या. आपल्याला उशीर चालतो, त्याला चालेलच असं नाही.