थकवलं की बँक नमते?

‘तू भरूच नकोस. सहा महिने जाऊ देत. खातं एनपीए झालं की साहेब स्वतः फोन करतो आणि निम्म्यात मिटवतो.’

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापुरात घराच्या कर्जाचा हप्ता अडला की हा सल्ला न मागता मिळतो. देणारा शत्रू नसतो, हीच अडचण आहे. चुलतभाऊ असतो, मुंबईहून सुट्टीला आलेला मेहुणा असतो, कधीकधी खुद्द जामीनदार असतो. प्रत्येकाकडे कुणातरी पाहुण्याच्या सेटलमेंटची गोष्ट असते. त्या पाहुण्याला कुणी भेटलेलं नसतं आणि सुटलेली रक्कम दर वेळी वाढलेली असते.

यात खरं काय आहे ते आधी सांगतो. बँका तडजोड करतात. ‘एकरकमी परतफेड’, ‘सामोपचार’, ओटीएस ही सगळी त्याचीच नावं. रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी तडजोडीची चौकट घालून दिली आणि ती नागरी सहकारी बँकांनाही लागू केली. पण तडजोड कुणाशी होते? ज्याच्याकडून येणं अवघड झालंय त्याच्याशी. तारण बुडीत निघालंय, यंत्रं भंगारात गेलीत, जागेच्या मालकीवर दावे चाललेत, तिथे बँक आपलं नुकसान मोजते आणि मिळेल ते घेते. तुमचं घर उभं आहे, कागद बँकेच्या तिजोरीत आहेत आणि बाजारभाव कर्जाच्या वर आहे. अशा वेळी संचालक मंडळाने निम्म्यावर पाणी सोडण्याचा ठराव करावा तरी का? उद्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ते उत्तर काय देणार?

‘देत नाहीत म्हणजे काय, कोर्टात जाऊन घेऊ’ असं यावर म्हटलं जातं. घेता येत नाही. बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 2021 रोजी स्वच्छ सांगितलं, की एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही आणि ती देण्याचा आदेश उच्च न्यायालयही बँकेला देऊ शकत नाही. फेडायची ऐपत असताना मुद्दाम थकवणाऱ्याला बक्षीस मिळू नये, हाच त्यामागचा विचार. ‘थांबलं की मिटतं’ म्हणणाऱ्या मेहुण्याला हा निकाल कुणीतरी ऐकवायला हवा.

आता थांबण्याची किंमत बघू. समजा शिल्लक कर्ज 15 लाख, व्याज 9 टक्के, मुदत 15 वर्षं. हप्ता बसतो सुमारे 15,214 रुपये. दोन हप्ते चुकले तर तीस हजारांची जुळवाजुळव करावी लागते. ते एखाद्या उसाच्या बिलात किंवा सोनं गहाण टाकून जमून जातं. सहा हप्ते चुकले की आकडा 91 हजारांच्या पुढे जातो, वर दंडाची आकारणी आणि वकिलाच्या नोटिशीचा खर्च तुमच्याच खात्यावर पडतो. मधे कुठेतरी 90 दिवस उलटलेले असतात आणि खातं एनपीए (अनुत्पादक) झालेलं असतं. इथे दुसरा गैरसमज येऊन चिकटतो, ‘एक हप्ता भरला की एनपीए निघतं’. निघत नाही. थकलेलं मुद्दल आणि व्याज सगळं भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये खुलासा करून सांगितलं आहे. म्हणजे बँक नमायची वाट बघणारा माणूस तीस हजारांची चढण नव्वद हजारांची करून ठेवतो. आणि दुसऱ्या बँकेत कमी व्याजाने कर्ज हलवायचा रस्ता तोवर बंद झालेला असतो. एनपीए खातं दुसरी बँक सहसा घेत नाही.

तडजोड झालीच, तरी सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. त्याच बँकेकडून पुन्हा कर्ज हवं असेल, तर बिगरशेती कर्जाला किमान 12 महिने थांबावं लागतं. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज काढायला गेल्यावर हा शेरा पहिल्यांदा दिसतो. तेव्हा मेहुणा मुंबईला परतलेला असतो.

मग हप्ता खरोखरच झेपत नसेल तर मागायचं काय? इथे रागावून भागत नाही, नीट समजून घ्यायला हवं. मोबाईलवर ‘लोन मॉडिफिकेशन’चे व्हिडिओ फिरतात. त्यांतले बरेच अमेरिकेतले असतात. 2008 च्या घरकर्ज-संकटानंतर तिथल्या सरकारने 2009 मध्ये एक कार्यक्रम आणला. त्यात पात्र कर्जदाराचा हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरलं होतं. तो 2016 अखेर बंद झाला. आपल्याकडे सर्वसाधारण कर्जदारासाठी तसा हक्क कधीच नव्हता. कोविडच्या वेळी मार्च ते ऑगस्ट 2020 हप्त्यांना सवलत मिळाली. नंतर पुनर्गठनाच्या दोन खिडक्या उघडल्या, त्याही मिटल्या. आजही ‘कोविडची स्कीम’ मागायला शाखेत जाणारे आहेत.

पण अर्ज करायला कुणाची बंदी नाही. तरत्या व्याजाच्या कर्जात दर वाढतो तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यायला हवी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं आहे. जुन्या दरपद्धतीत अडकलेलं कर्ज रेपोशी जोडलेल्या दरावर आणता येतं का, हे विचारता येतं. हाताशी लाखभर रुपये असतील तर ते मुद्दलात भरून हप्ता कमी करून मागता येतो. तसं लेखी सांगावं लागतं, नाहीतर बँक मुदत कमी करते आणि हप्ता तसाच राहतो. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड नसतो. कमावता मुलगा किंवा सून सहकर्जदार म्हणून जोडता येते.

मुदतवाढीचं गणित मात्र डोळे उघडे ठेवून करा. वरचंच 15 लाखांचं कर्ज 25 वर्षांवर नेलं तर हप्ता 12,588 होतो. महिन्याला अडीच हजारांवर वाचतात, पण एकूण व्याज साधारण 12 लाख 40 हजारांवरून 22 लाख 75 हजारांवर जातं. आणि मुदत कितीही ताणली तरी पहिल्या महिन्याचं व्याजच 11,250 आहे, त्याच्या खाली हप्ता जाऊच शकत नाही. ज्याच्याकडे महिन्याला आठ हजारही उरत नाहीत, त्याला मुदतवाढ वाचवत नाही. त्याने बँकेची संमती घेऊन घर स्वतः विकणं बरं. स्वतः ठरवून केलेल्या व्यवहारात येणारा भाव लिलावात येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोलत कुणी नाही.

अजून एक कडू गोष्ट. कर्जदार अडचणीत आहे म्हणून बँकेने अटी सैल केल्या, तर नियमाप्रमाणे त्याला पुनर्गठन म्हणतात आणि सहसा खातं एनपीएच्या वर्गात जातं. शाखाधिकारी ‘बघू, बघू’ का म्हणतो, त्याचं हे एक कारण. म्हणून अर्ज थकण्याआधी द्या आणि नेमका द्या. उत्पन्न किती घटलं, कशामुळे, किती महिन्यांसाठी, आता किती भरू शकतो, हे लिहा. दर दहा दिवसांच्या दूधबिलाच्या नकला, पगारपत्रक, दवाखान्याचे कागद जोडा. शिक्क्याची पोचपावती घ्या. तोंडी आश्वासनाला पोचपावती नसते.

कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याबद्दल आपल्या जिल्ह्यात हट्टाने टिकलेला आणखी एक समज आहे, की ‘सरफेसी कायदा मोठ्या बँकांचा, सहकारी बँकेला घराचा ताबा घेता येत नाही’. त्याचा निकाल कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या खटल्याने लागला. विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 5 मे 2020 रोजी सहकारी बँका या कायद्याखाली येतात असं ठरवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच खटल्याने देशभरचा प्रश्न मिटवला आणि तरी आपल्याच जिल्ह्यात ‘सहकारी बँक आपलीच, काय करणार’ हे चालू आहे.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती बँक नाही, म्हणून सरफेसी वापरू शकत नाही, इथपर्यंत बरोबर. पण पुढे ‘म्हणून काही करू शकत नाही’ हे जोडलं जातं ते चूक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला निघतो आणि 1961 च्या नियमांतल्या नियम 107 प्रमाणे वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो. त्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करायचा, तर वसुलीच्या रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. ‘101 चा दाखला’ हा शब्द शाहूवाडी तालुक्यात सगळ्यांना पाठ आहे, त्याचा अर्थ कळेपर्यंत दारावर नोटीस चिकटते. पतसंस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालत नाही, ती सहायक निबंधकांकडे करायची.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

नोटीस घेतली नाही म्हणून ती बजावली गेली नाही, असं होत नाही. दारावर चिकटवून आणि दोन वर्तमानपत्रांत छापून काम भागतं, त्यातलं एक मराठी असतं. मग जे गावापासून लपवायचं होतं ते गावानेच चहाबरोबर वाचलेलं असतं.

शेतकऱ्याचं राहतं घर जप्त होत नाही, ही सूट खरी आहे, पण जे घर तुम्ही स्वतःच त्या कर्जाला तारण दिलंय त्याला ती लागू नाही. शेतजमीन सरफेसीच्या बाहेर आहे हेही खरं, पण सातबारावर शेती लिहिलंय एवढ्याने भागत नाही. जमीन प्रत्यक्षात शेतीची आहे हे कर्जदाराला दाखवावं लागतं.

कर्जमाफी येईल म्हणून थांबू नका. 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज योजना असो की 2019 ची महात्मा जोतिराव फुले योजना, दोन्ही शेतीकर्जासाठी होत्या. घराच्या कर्जाचा त्यांच्याशी संबंध नव्हता.

दिवाणी कोर्टातून स्थगिती मिळत नाही, सरफेसीच्या कलम 34 ने तो दरवाजा बंद केलाय. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, याचा आनंद आहेच. पण 2010 पासून सर्वोच्च न्यायालय सांगतंय, की आधी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जा. आपल्यासाठी ते पुण्यात आहे. तिथे कर्जदाराच्या पहिल्या अर्जाला रक्कम भरायची अट नाही. 75 टक्के भरण्याची जुनी अट 2004 मध्येच रद्द झाली.

ताबा घ्यायला आलेले तहसीलदार तुमची बाजू ऐकून निवाडा करत नाहीत. तो त्यांचा अधिकारच नाही, ते फक्त आदेश बजावतात.

लिलावाची बोली चालू असताना पैसे आणून टाकले की घर सुटतं, हे सिनेमात. सरफेसीच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर सोडवणुकीचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं.

लिलावात घर गेलं म्हणजे देणं संपलं असंही नाही. कमी पडलेली रक्कम बँक पुढेही वसूल करू शकते, आणि जास्त आली तर ती तुम्हाला परत मिळायला हवी. ती मागून घ्या.

जामीनदार ‘नुसती सही’ करत नाही. कर्जदाराच्या आधी त्याच्या दारात जायलाही बँकेला मनाई नाही.

उलट बाजूची भीतीही तितकीच चुकीची आहे. एक हप्ता चुकला म्हणून कुणी कुलूप घेऊन येत नाही. 90 दिवसांनंतर सरफेसीच्या कलम 13(2) ची नोटीस येते, तिची मुदत 60 दिवस. त्यात लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2022 चा आदेश आहे. पेपरात ताब्याची नोटीस छापून आली तरी तो बहुतेकदा कागदोपत्री ताबा असतो, माणसं घरातच असतात. न्यायाधिकरणात जायला त्या कारवाईपासून 45 दिवस मिळतात.

तेव्हा कपाटात न उघडलेलं बँकेचं पाकीट असेल तर आज उघडा. नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून 60 दिवस मोजा, ती तुमच्या हातात कधी पडली ते धरू नका. उरलेल्या दिवसांत हरकत आणि परतफेडीचा प्रस्ताव दोन्ही लेखी द्या. वकिलाची फी परवडत नसेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अटही नाही.