पिंजऱ्यातले सोबती, लेखांक ९ : अडलेली मादी

निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या की नाशिककरांना थंडीचा आकडा विचारावा लागत नाही. काही वर्षी तिथला पारा पाच अंशांच्याही खाली गेला आहे. याच दिवसांत नाशिकच्या गॅलऱ्यांत टांगलेल्या पिंजऱ्यांकडे सकाळी थोडं थांबून पाहायला हवं. काल घरट्याच्या मटकीत ये-जा करणारी झेब्रा फिंचची मादी आज दांडीवर दिसत नाही. ती तळाशी पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसली आहे आणि दर श्वासाला तिची शेपटी खाली-वर होते आहे. घरातली माणसं म्हणतात, गारठली असेल. गारठलेली ती असतेच, पण अनेकदा तिच्या पोटात अंडं अडकलेलं असतं. गाय अडते, शेळी अडते, तशी ही बोटाएवढी मादीही अडते.

पक्षी पाळणारे याला ‘एग बाइंडिंग’ म्हणतात. मटकी कधी टांगावी, हे मागच्या लेखांकात पाहिलं. मटकी टांगल्यानंतर मादीच्या जिवावर बेतणारं सर्वांत मोठं संकट हेच.

झेब्रा फिंचचं वजन साधारण बारा ग्रॅम आणि तिचं एक अंडं जवळपास एक ग्रॅमचं. रोज एक याप्रमाणे ती चार ते सहा अंडी घालते. म्हणजे आठवडाही पुरा होत नाही, तोवर ती स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश ते निम्म्याइतका ऐवज शरीराबाहेर टाकते. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. तेच कॅल्शियम अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागतं. ते कमी पडलं की कवच मऊ राहतं आणि स्नायूंतला जोरही जातो. अंडं फार मोठं असल्यामुळेच अडकतं, हा समज म्हणूनच अपुरा आहे. नेहमीच्या मापाचं अंडंसुद्धा अडकतं, कारण ते ढकलायला ताकद उरलेली नसते. थंडीत ही ताकद आणखी घटते. पहिल्यांदा अंडी घालणारी कोवळी मादी, लठ्ठ मादी आणि लागोपाठ विणी झालेली मादी यांना धोका अधिक.

निसर्गाने यावर एक तजवीज केली आहे. अंडी घालण्याआधी पक्ष्यांच्या माद्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा जादा थर साठवतात. अमेरिकेतल्या मोंटानात सापडलेल्या टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात असाच थर मिळाल्याचं जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर यांनी २००५ मध्ये जाहीर केलं आणि तो डायनासोर मादी होता, असं अनुमान त्यावरून निघालं. छोट्या पक्ष्यांना मात्र ही शिल्लक पुरत नाही. त्यांना रोजच्या खाण्यातूनच कॅल्शियम मिळवावं लागतं. नेदरलँड्समध्ये आम्लवर्षेमुळे जंगलातल्या मातीतलं कॅल्शियम घटलं, गोगलगायी कमी झाल्या आणि त्यांचे शंख खाणाऱ्या ग्रेट टिट पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची होऊ लागली. हे संशोधन १९९४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्या पक्ष्यांना निदान शोधायला रान होतं. पिंजऱ्यातल्या मादीला आपण ठेवू तेवढंच मिळतं.

आणि आपण ठेवतो राळा. शंभर ग्रॅम राळ्यात कॅल्शियम जेमतेम तीस मिलिग्रॅमच्या आसपास असतं. नागलीत ते तीनशेच्या वर आहे, आणि नागली तर सुरगाणा-पेठच्या डोंगरात पिकते. मूठभर भिजवलेली नागली आणि शेवग्याचा कोवळा पाला पिंजऱ्यात द्यायला काहीच हरकत नाही. तरी खरी भिस्त समुद्रफेसावर, म्हणजे दुकानातल्या कटल बोनवर, किंवा उकळून, वाळवून कुटलेल्या कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर ठेवावी. कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही, कारण लागणारे अतिनील किरण काच अडवते. पिंजरा सकाळच्या थेट कोवळ्या उन्हात ठेवावा, अर्ध्या भागावर सावली राखून.

ओळखायचं कसं? पाय फाकवून उभं राहणं, सतत कुंथणं, गुदद्वाराजवळ फुगीरपणा, विष्ठा थांबणं, चोच उघडी ठेवून श्वास घेणं ही लक्षणं. कधी मादी लंगडते, कारण अंड्याचा दाब पायांकडे जाणाऱ्या नसांवर येतो. एवढ्या छोट्या जिवाकडे दिवस नसतात, तास असतात.

पहिला उपचार ऊब. पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून मादीला एकटं ठेवावं, एका बाजूने जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब किंवा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी लावावी आणि आत तीस-बत्तीस अंश तापमान राखावं. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, त्याची ऊब पुरत नाही. दुसरी बाजू थंड असू द्यावी, म्हणजे तिला सरकता येईल. जाळीने झाकलेली कोमट पाण्याची वाटी शेजारी ठेवली की हवा दमट राहते. चोचीत तेल ओतू नये, ते फुप्फुसात जातं. पोट तर अजिबात दाबू नये. अंडं आत फुटलं तर कवचाचे तुकडे अंडनलिका फाडतात.

ऊब देतानाच डॉक्टरांना फोन करावा. ते कॅल्शियमचं इंजेक्शन आणि सलाइन देतात, गरज पडली तर स्नायू आकुंचन पावण्याचं औषध देतात. हे औषध घरी देण्याचं नव्हे, वाट मोकळी नसेल तर नलिका फाटू शकते. एवढ्यानेही काम झालं नाही, तर सुईने अंड्यातला द्रव ओढून कवच मिटवतात. शस्त्रक्रिया शेवटची. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयात पक्ष्यांवर उपचार होतात, पण नाशिकहून कसारा घाट उतरून तिथवर जाण्याचा प्रवास अशा मादीला झेपणारा नाही. पक्षी तपासणारा डॉक्टर आपल्या शहरात कोण, हे मटकी टांगण्याआधीच विचारून ठेवावं.

अंडं बाहेर आलं तरी मादीला दोन-तीन दिवस उबेतच ठेवावं, त्यानंतर काही आठवडे नरापासून वेगळं. वर्षाला दोन-तीन विणी पुरेत. अंडी नकोत म्हणून घातलेलं प्रत्येक अंडं उचलून टाकण्याची सवय मात्र सोडायला हवी, कारण रिकामी मटकी पाहून मादी आणखी अंडी घालते. त्यापेक्षा प्लॅस्टिकची खोटी अंडी ठेवावीत. त्यांवर ती पंधरा दिवस निवांत बसते आणि तेवढ्यात तिच्या हाडांची झीज थोडी भरून निघते.

(पुढील लेखांकात : पिल्लांचा पहिला आठवडा)